म्हातारी ट्रॅव्हलर आणि सोलापूरचा रस्ता

दिवाळी जवळ आली की आपल्या सिकंदराबादच्या मराठी घरांत एक बेत हमखास शिजतो: यंदा गावाला गाडीनेच जायचं. आता काही उत्साही तरुण मंडळी त्यापुढे गेली आहेत. पंधरा-वीस वर्षं वापरलेली ट्रॅव्हलर घ्यायची, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि आजी-आजोबांसकट पुण्याची वाट धरायची. बेत झकास आहे. फक्त ज्या गाडीत आपण सगळं घर झोपवणार, तिच्या पोटाखाली कोणी वाकून पाहिलेलं असतंच असं नाही. म्हणून या महिन्याचं सदर पडदे-पलंगांचं नाही, खालच्या बाजूचं.

गाडी तशी आपल्याच घरची. १९८७ साली पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोने ही ट्रॅव्हलर बाजारात आणली. मूळ आराखडा मर्सिडीझच्या 'टी१' व्हॅनचा आणि जुन्या गाड्यांतलं डिझेल इंजिनही मर्सिडीझच्या ओएम ६१६ कुळातलं. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. शाळेच्या सहली, लग्नाची वऱ्हाडं, शिर्डीच्या फेऱ्या या गाडीने इतक्या केल्या आहेत की तिचे सुटे भाग आणि ती जाणणारे हात दोन्ही मिळतात. राणीगंजच्या गल्ल्यांत एक सकाळ घालवली तर बरंचसं सामान हाती लागतं. परदेशी कॅरॅव्हॅनच्या स्वप्नापेक्षा हा मोठा फायदा.

आता पहिलं काम, जे सगळ्यात स्वस्त आहे आणि बहुतेक जण टाळतात: वजनकाटा. सुतारकाम झाल्यावर, टाक्या भरून, सामान लादून गाडी काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, मग पूर्ण गाडी. आरसी बुकात आणि चेसिसच्या पट्टीवर जे कमाल वजन दिलंय त्याच्याशी ताडून पाहा. आकडे हसण्यावारी नेऊ नका. शंभर लिटर पाणी म्हणजे १०० किलो. दीडशे एएचच्या दोन बॅटऱ्या म्हणजे आणखी ९०-१०० किलो. १९ मिलिमीटरच्या प्लायचा आठ बाय चारचा एक तक्ता ३५ किलोच्या आसपास, आणि असे सात-आठ तक्ते सहज लागतात. काढलेल्या सीटांचं वजन वजा करा, मग माणसं मिळवा. शिवाय सीटवरची माणसं उतरतात, प्लाय उतरत नाही. पाटे रात्रंदिवस दाबलेलेच राहतात. पाण्याची टाकी मागच्या एक्सलच्याही मागे टांगली असेल तर पुढचा भाग हलका होतो आणि स्टिअरिंग पोकळ वाटायला लागतं.

जुन्या ट्रॅव्हलरला पुढे-मागे दोन्हीकडे पाटेच आहेत. गाडी सपाट जागी उभी करा, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, डावीकडे आणि उजवीकडे. फरक दिसला किंवा मागचा भाग बसलेला वाटला, की कमानवाला लगेच सांगेल, 'एक पाटा बढा देते.' इथे थांबायचं. जास्तीचा पाटा गाडीला उचलून धरतो, हे खरं. पण एक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच. गाडी दिसायला ताठ, आतून मात्र जादा भाराखाली. वजन मर्यादेत असेल आणि पाटे म्हातारे झाले असतील तर पूर्ण संच बदलावा, तोही दोन्ही बाजूंचा एकदम. वजन जास्त असेल तर सुताराला परत बोलवावं. गॅसच्या ज्वाळेवर पाटा लाल करून वाकवून देणाऱ्याकडे तर जाऊच नका. त्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा पुन्हा बसतो, नाहीतर तुटतो.

पाट्यांना चीर बहुतेक सेंटर बोल्टच्या भोकाजवळ पडते. आधी घासून मातीचा थर काढा, मग टॉर्च मारा. शॅकल पिन आणि बुश पहारीने हलवून बघा. खडखडाट ऐकू आला तर शॉकअबसॉर्बरला दोष देण्याआधी हे तपासा.

इंजिनाबद्दल एकच गोष्ट जरा तपशिलात सांगतो, कारण तिच्यावरून आपल्याकडे फार घोटाळा होतो. गाडी तापते अशी तक्रार केली की गल्लीतला उस्ताद म्हणतो, 'वॉल्व निकाल देतूं भाई, ठंडी रहती गाडी.' तो वॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. या इंजिनात त्याला दोन कामं असतात. थंड असताना पाणी आतल्या आत फिरवायचं, आणि तापल्यावर ती आतली वाट बंद करून पाणी रेडिएटरकडे वळवायचं. तो काढला की आतली वाट कायमची उघडी. मग काही पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जातं, आणि नेमकी चढावर गाडी जास्तच तापते. थर्मोस्टॅट पातेल्यात गरम पाण्यात सोडून बघा. ८० अंशांच्या आसपास उघडायला हवा. नाही उघडला तर नवा घ्या. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका, आपल्याकडच्या कडक पाण्याचा क्षार नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, बस्स.

धुराकडेही लक्ष असू द्या. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी पांढरा धूर आणि सुरू व्हायला कुरकुर असेल तर ग्लो प्लग तपासा. सिकंदराबादच्या हवेत कमजोर ग्लो प्लग खपून जातो. महाबळेश्वरला जानेवारीतल्या पहाटे तो खपत नाही.

सोलापूरमार्गे पुण्यापर्यंत बहुतेक पठारच आहे. खरी परीक्षा पुढे कोकणात उतरताना, ताम्हिणीसारख्या घाटात. ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत राहतं, त्यामुळे जुनं ऑइल उतारावर उकळतं आणि पेडल खाली जातं. दोन वर्षांनी ते बदलाच, आणि ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. टायरच्या बाजूचा चार आकडी शिक्काही वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी उभ्या गाडीचं रबर वाळतं.

कागदांचं थोडक्यात. आतली रचना बदलून कॅरॅव्हॅन करायची तर आरटीओची परवानगी आधी घ्यायची. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम वाचून घ्या. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढते. विम्यातही बदल नोंदवा.

एवढं सगळं झाल्यावर लगेच पुणे गाठू नका. एखाद्या रविवारी भरलेली गाडी जहीराबादला नेऊन आणा. (ऐंशीच्या दशकात आपल्या ऑल्विनचे निस्सान ट्रक तिथेच बनायचे, आजोबांना विचारा, ते जाता-येता तेवढंच सांगतील.) जाऊन-येऊन दोनशेच्या वर किलोमीटर होतात. नवे पाटे तेवढ्यात एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. सोमवारी सकाळी पाना घेऊन ते पुन्हा आवळून घ्या, भरलेल्या गाडीवरच.