दिल मुठीएवढे, कप्पे चार

पेण असो की रोहा, घरात कुणाच्या छातीत दुखू लागले की पहिला सल्ला ठरलेला: "गॅस असेल, ओवा खा." बहुतेक वेळा तो गॅसच असतो, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण एखाद्या वेळी तो नसतो. तो फरक कळावा म्हणून आज आम्ही दिलाची रचनाच पाहणार आहोत.

आपली मूठ आवळा. साधारण तेवढेच आपले हृदय, वजन पाव किलोच्या आसपास. वर दोन कप्पे, खाली दोन, आणि उजव्या-डाव्या बाजूंमध्ये स्नायूंची भिंत. शरीरातून आलेले अशुद्ध रक्त उजवी बाजू फुप्फुसांत पाठवते. तिथे शुद्ध झालेले रक्त डाव्या बाजूला येते आणि डावा खालचा कप्पा ते डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत ढकलतो. रक्त मागे फिरू नये म्हणून चार झडपा. हे मिनिटाला सुमारे 70 वेळा, म्हणजे दिवसाला एक लाख ठोके!

मधल्या भिंतीला छिद्रे आहेत आणि रक्त त्यांतून झिरपते, असे ग्रीक हकीम गॅलेनपासून शेकडो वर्षे शिकवले जात होते. कैरोत नावारूपाला आलेले इब्न नफीस यांनी 1242 मध्ये स्पष्ट लिहिले की तिथे छिद्र नाही, रक्त फुप्फुसांतूनच डावीकडे येते. युरोपात हार्वेचा ग्रंथ आला 1628 मध्ये. आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात हार्वे असतो, इब्न नफीस सहसा नसतात. निदान घरी तरी सांगावेत.

उजवे-डावे हे गणित आपल्या रायगडात जीवनमरणाचे ठरले आहे. कोकणातला लाल विंचू चावला की त्याच्या विषाने शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, डावी बाजू त्या दाबाविरुद्ध ढकलून थकते, रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि तोंडाला फेस येतो. 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. धडधाकट माणसे अशी डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिली. रात्र-रात्र रोग्याजवळ बसून नोंदी ठेवल्या. मूळ बिघाड हृदयाचा आहे हे ओळखून पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरली. तिने आवळलेल्या वाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो. त्यांचे हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी मात्र घरी द्यायची नाही. विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे दिसले तर लगेच दवाखाना. दुआ करावी, दमही करावा, पण गाडीत बसल्यावर.

आता छातीतल्या कळेबद्दल. चारही कप्प्यांत रक्त भरलेले असूनही हृदयाचे बहुतेक पोषण त्यातून होत नाही. हृदयावरून गेलेल्या स्वतंत्र धमन्या त्याला रक्त देतात. (हेही इब्न नफीसांनी लिहून ठेवले आहे.) त्यातली एक तुंबली की तेवढा स्नायू मरू लागतो, मिनिटागणिक थोडा थोडा. म्हणून घाई. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटणे, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, गार घाम येणे ही खूण. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, पाठ दुखते, मळमळते. अम्मी, खाला यांचे दुखणे तर घरातल्या कामांखालीच दबते. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर त्या सांगतात. त्यांना आपणहून विचारा.

अशा वेळी माणसाला चालवू नका, मोटारसायकलवर बसवू नका. 108 ला फोन करा. पेण आणि रोहा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. आधी तिथे ईसीजी काढून घ्या, पुढे अलिबाग की पनवेल ते डॉक्टरांना ठरवू द्या. जुना ईसीजी घरात असेल तर सोबत न्या, नव्याशी ताडून पाहता येतो. आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटेही न्या, नावे आठवत बसू नका.