सुई टोचून घेण्यापूर्वी

ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालून नातेपुत्याच्या मुक्कामी सुजलेले गुडघे चोळीत बसणाऱ्या वारकऱ्यास कोणी ॲक्युपंक्चरचा, म्हणजे सुया टोचण्याच्या चिनी उपचाराचा, मार्ग सुचविला, तर त्याने तो परका म्हणून झिडकारू नये. कारण आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे ही विद्या भारतात आणली, आणि महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने तिला मान्यताही दिली. सबब उपचारकाकडे नोंदणीचा दाखला बेलाशक मागावा. सुई केसासारखी बारीक असते. ती आपल्या डोळ्यांदेखत सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे. टोचल्यावर किंचित मुंग्या आल्या, जडपणा वाटला, तर भिऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण, पेसमेकर यांची वर्दी मात्र आधीच द्यावी. जुनाट गुडघेदुखी वा अर्धशिशी यांत उतार पडू शकतो. मधुमेह समूळ घालविण्याची हमी देणाऱ्याची पायरी चढू नये.

माझी खरी चिंता सुईची नसून तिच्या जोडीने दिल्या जाणाऱ्या चिनी वनौषधींची आहे. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, ही आपल्याकडची दृढ समजूत किती घातक ठरू शकते, याचा दाखला बेल्जियममध्ये १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मिळाला : वजन उतरविण्याच्या औषधांत एका मुळीऐवजी ॲरिस्टोलोकिया कुळातील विषारी मुळी पडली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. ‘माहुआंग’ ही चिनी वनौषधी तर रक्तदाब चढविते. म्हणून पुडीवर घटकांचा तपशील नसेल, तर ती घेऊच नये. असेल, तर तो कागद आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे ठेवावा.