काळ्या पत्थराच्या पोकळीत

अमेरिकेतील मिशिगनमध्ये प्राचीन बेसॉल्टच्या पोकळ्यांत शुद्ध तांबेच साठले. जगभरचे संग्राहक त्या नमुन्यांसाठी जीव टाकतात. आपल्या सातारा-सांगलीचा काळा पत्थरही असाच लाव्ह्याचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोकळ्यांत मात्र धातू नव्हे, तर स्टिल्बाइट, अपोफिलाइट अशा खनिजांचे स्फटिक वाढतात. आमच्या लेखी त्यांचे मोल तांब्याहून कमी नाही. खाणीत सुरुंग उडतो, क्रशर फिरतो आणि ते खडीत जातात, याची खरी हळहळ वाटते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक जपलेले पाहता येतात. घरच्या संग्रहात प्रत्येक नमुन्यासोबत गाव, खाण, तारीख लिहाच. त्यावाचून अभ्यासकाला तो मुका. तुमच्या नमुन्यांची छायाचित्रे अशा नोंदींसह आम्हाला पाठवा. खाणीच्या उभ्या कड्याखाली मात्र कोणी शिरू नका.