दोष तुमच्या कातडीचा नाही, ओतलेल्या धातूचा आहे

"मला खोटं सोसत नाही." हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं, की त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटतच नाही. बाजारातून झुमके आणले, दोन दिवस घातले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, खाज सुटली, पाणी यायला लागलं. लगेच निदान तयार असतं: "हिची स्किनच सेन्सिटिव्ह." दुकानदार तेच म्हणतो, घरातली माणसं तेच म्हणतात आणि पुष्कळदा मलम लिहून देताना डॉक्टरही तेच म्हणतात. वर सल्ला मिळतो, "सोन्याचंच घालत जा."

वाचकहो, मला या निदानाशी आणि या सल्ल्याशी भांडायचं आहे. ज्या धातूतून तो झुमका ओतला, तो धातू कोणीतरी निवडलेला असतो. त्यावर मुलामा कसला द्यायचा, हेही कोणीतरी ठरवलेलं असतं. ती निवड चुकीची असते आणि ठपका मात्र कानावर येतो. आणि "सोनं घाला" हा सल्ला ज्यांना सोनं परवडतं त्यांच्यासाठी ठीक आहे. ज्यांना परवडत नाही, त्यांनी काय नटायचंच नाही?

कानाच्या पाळीत नेमकं काय होतं?

दागिन्यांमुळे येणाऱ्या ॲलर्जीत सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे निकेल. घामात मीठ असतं, लॅक्टिक आम्ल असतं. या घामात निकेल हळूहळू विरघळतं आणि त्याचे सूक्ष्म कण, म्हणजे आयन, कातडीत शिरतात. तिथल्या प्रथिनांना ते चिकटतात. शरीराच्या पहारेकरी पेशी हे जोडलेलं रूप 'परकं' म्हणून ओळखायला शिकतात. हे शिकणं एकदा झालं की ते सहसा जन्मभर टिकतं. पुढच्या वेळी निकेल कातडीला लागलं की एक ते तीन दिवसांत तिथे पुरळ, खाज, लाली, लस असा सगळा प्रकार सुरू होतो.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, ही ॲलर्जी घेऊन कोणी जन्माला येत नाही, ती लागते. दुसरी, ती लागण्याचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे नुकतंच टोचलेलं भोक. तिथे कातडीची भिंतच फुटलेली असते. बाळाचे कान बाराव्या दिवशी सोन्याच्या तारेने टोचायची आपली जुनी पद्धत या दृष्टीने शहाणपणाची होती. पण तीच मुलगी कॉलेजात गेली की कानाला दुसरं-तिसरं भोक पाडून घेते, आणि त्या ओल्या जखमेत पन्नास रुपयांच्या कानातल्याची दांडी जाते. तिथून पुढे घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण, मंगळसूत्राचा हूक, सगळंच खाजायला लागतं. म्हणजे 'सेन्सिटिव्ह स्किन' त्या कानातल्यानेच तयार केलेली असते!

नाव एक, धातू दुसराच

आता बाजारातली नावं बघा. 'जर्मन सिल्व्हर' यात चांदी औषधालाही नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. त्याचा पांढरा चकचकीतपणा येतो तो निकेलमुळे. नवरात्रात गळाभर मिरवले जाणारे 'ऑक्सिडाइज्ड' दागिने घ्या. ऑक्सिडाइज्ड म्हणजे फक्त वरचा काळसर रंग, आतला धातू कोणता हे त्या शब्दातून कळतच नाही. 'व्हाइट मेटल' हे तर नाव नव्हेच. पांढरा दिसतो, एवढंच ते सांगतं. त्यात कथील असेल, जस्त असेल, शिसे असेल, ओताऱ्याच्या भट्टीत त्या दिवशी जे असेल ते असेल.

'वन ग्रॅम गोल्ड'चंही असंच. वर सोन्याचा पातळ थर असतो, पण त्याच्या खाली पुष्कळदा निकेलचा थर देतात, कारण त्यामुळे चमक येते आणि आतल्या तांब्या-पितळेचा रंग वर येत नाही. म्हणजे ओतलेला धातू साधं पितळ असला, त्यात निकेल अजिबात नसलं, तरी मुलामा देताना निकेल मागच्या दाराने आत येतं. सोन्याचा थर घासला गेला की घाम थेट निकेलला भेटतो. म्हणूनच पुष्कळ जणी म्हणतात, "पहिले दोन महिने काही झालं नाही, मग त्रास सुरू झाला."

आणि पाकिटावरचं 'ॲलर्जी फ्री'? त्याच्याबरोबर धातूचं नाव आणि चाचणीचा आकडा नसेल, तर ती निव्वळ जाहिरात समजा.

न खाजणारं विष

निकेल निदान खाजवून सांगतं तरी. शिसे आणि कॅडमियम गप्प बसतात.

ओतकाम करणाऱ्याला शिसे का आवडतं, हे समजून घेऊ. शिसे ३२७ अंशांना वितळतं, कथील २३२ अंशांना, आणि दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर १८३ अंशांनाच पाणी होतं. रबरी साच्यात हा रस झटकन पसरतो, बारीक नक्षी नीट उठते, साचा जास्त दिवस टिकतो. वर दागिना हाताला जड लागतो आणि गिऱ्हाइकाला 'भरीव' वाटतो. धंद्याच्या नजरेने सगळे गुणच. आता शरीराच्या नजरेने बघा. धड कातडीतून शिसे फारसं आत जात नाही, हे खरं. पण लहान मूल दागिना घालून थांबत नाही, ते तो तोंडात घालतं. पोटात गेलेल्या शिशातलं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे मुलाचं शरीर शोषून घेतं. ते मेंदूच्या वाढीवर घाला घालतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही.

२००६ साली अमेरिकेत मिनियापोलिस इथे चार वर्षांचा एक मुलगा मेंदूला सूज येऊन दगावला. त्याच्या पोटात ब्रेसलेटचं एक छोटं लोंबतं पदक सापडलं. बुटांच्या जोडीबरोबर भेट म्हणून आलेलं! तपासणीत त्यात ९९ टक्के शिसे निघालं. त्याच्या रक्तात दर डेसिलिटरला १८० मायक्रोग्रॅम शिसे होतं. आज अमेरिकेत ३.५ च्या वर आकडा गेला तरी मुलाकडे लक्ष द्यायला सांगतात.

पुढे मुलांच्या वस्तूंमधल्या शिशावर तिथे कडक कायदा आला. मग २०१० साली एका वृत्तसंस्थेने चीनमधून आलेले मुलांचे दागिने तपासून घेतले, तर एका नमुन्यात वजनाच्या ९१ टक्के कॅडमियम! तेही स्वस्त, चकचकीत आणि लवकर वितळणारं. कॅडमियम कर्करोगकारक आहे आणि मूत्रपिंडात गेलं की वर्षानुवर्षं हलत नाही. एका विषावर बंदी घातली तर दुसरं विष साच्यात आलं. म्हणून नुसतं 'लेड फ्री' वाचून समाधान मानू नका. त्याच्या जागी काय घातलं, हे विचारा.

"एवढ्या पैशात हेच मिळणार"

हा युक्तिवाद सगळ्यात जास्त ऐकू येतो, म्हणून तो नीट तपासू. लहान कारखानदाराच्या अडचणी खोट्या नाहीत. शुद्ध कथील महाग आहे. जस्ताच्या मिश्रधातूला चारशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं, त्यामुळे रबरी साचा लवकर खराब होतो. निकेलशिवाय मुलामा द्यायचा तर कारागिराला नवी पद्धत शिकावी लागते.

पण हिशेब करा. समजा, चांगल्या मिश्रधातूसाठी किलोमागे हजार रुपये जास्त मोजले. झुमक्यांची जोडी दहा ग्रॅमची धरली तर वाढ झाली दहा रुपयांची. त्वचारोगतज्ज्ञाच्या एका भेटीच्या फीत अशा किती जोड्या येतील, ते तुम्हीच मोजा. शिवाय निकेल हा काही स्वस्त धातू नाही. जागतिक बाजारात तो सहसा तांब्यापेक्षा आणि जस्तापेक्षा महागच असतो. तेव्हा निकेल गरिबांसाठी वापरतात, हे म्हणणं टिकत नाही. ते चमकेसाठी आणि सवयीमुळे वापरतात.

आणि हे बदलता येतं, याचा पुरावा आहे. डेन्मार्कने १९९०च्या सुमारास दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली. तिथल्या शाळकरी मुलींच्या पाहणीत, नियमाआधी कान टोचलेल्या मुलींपैकी सुमारे १७ टक्के मुलींना निकेलची ॲलर्जी आढळली, तर नियमानंतर टोचलेल्यांमध्ये ती सुमारे ४ टक्के होती. डॅनिश मुलींची कातडी काही दहा वर्षांत बदलली नाही. बदलला तो धातू.

पुढे सगळ्या युरोपीय संघाने हा नियम घेतला. कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. भोकात जाणाऱ्या दांडीसाठी हीच मर्यादा ०.२ आहे. दागिन्यात शिसे ०.०५ टक्क्यांच्या आणि कॅडमियम ०.०१ टक्क्याच्या खाली हवं. आपल्याकडचा माल युरोपात पाठवायचा तर तोही या मर्यादेत बसवावा लागतो. मग तिकडच्या कानाला जो न्याय, तो नाशिकच्या आणि नांदेडच्या कानाला का नाही?

आपल्याकडे हॉलमार्क आहे, पण तो सोन्या-चांदीला. तो तुमच्या पैशाची राखण करतो. कातडीची राखण करणारा शिक्का खोट्या दागिन्यावर नसतो. खुद्द सोन्यात डाग देण्यासाठी वापरायचं कॅडमियम, म्हणजे आपलं 'केडीएम', त्याच्या विषारी धुरामुळे बाजूला पडलं. सोन्याबाबत जे कळलं, ते खोट्याबाबत कळायला हरकत नसावी.

ओतकाम करणाऱ्यांना चार शब्द

तुमच्यापैकी कोणाचा हा धंदा असेल, तर माझं भांडण तुमच्याशी नाही, मूसमध्ये पडणाऱ्या मालाशी आहे. बिनशिशाचं कथील, ज्यात थोडं अँटिमनी आणि तांबं असतं, ते घ्या. जस्त-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू घ्या. नक्षीदार कामाला सिलिकॉन ब्राँझ किंवा शिसे नसलेलं पितळ घ्या. भंगार वितळवू नका, जुन्या डागकामातलं कथील आणि बॅटरीतलं शिसे तिथूनच येतं. मुलाम्यात निकेलच्या जागी तांबे-कथील-जस्ताचा पांढरा थर देता येतो. कानात जाणारी दांडी टायटॅनियमची ठेवा.

आणि हे गिऱ्हाइकाच्या आधी तुमच्यासाठी आहे. शिशाची वाफ आणि धूळ पहिल्यांदा भट्टीजवळच्या माणसाच्या छातीत जाते, आणि कपड्यांवरून त्याच्या घरातल्या रांगत्या मुलापर्यंत पोहोचते. कॅडमियमच्या धुराने तर फुप्फुसं जीवघेणी सुजतात. भट्टीवर धूर ओढून घेणारा पंखा हवा, कामाच्या जागी जेवण नको, आणि घरी जाण्याआधी हात-तोंड धुऊन कपडे बदला.

तुम्ही काय करायचं?

नव्या भोकात २२ कॅरेट सोनं किंवा टायटॅनियम, दुसरं काही नको. 'व्हाइट गोल्ड' घेताना त्यात निकेल आहे का, हे विचारा.

चांगल्या प्रतीच्या ३१६एल स्टीलमध्ये निकेल असतं, पण ते घट्ट बांधलेलं असल्यामुळे फारच थोडं सुटतं. भरलेल्या भोकात ते बहुतेकांना चालतं. ॲलर्जी आधीच असेल तर टायटॅनियमच बरं.

चुंबक लावून बघू नका. जर्मन सिल्व्हरला चुंबक चिकटत नाही, म्हणून ते निर्दोष ठरत नाही. डायमिथाइलग्लायॉक्झिमची चाचणी मिळते. कापसाचा बोळा घासल्यावर गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. शिसे आणि कॅडमियम मात्र या चाचणीत कळत नाहीत.

दांडीला नेलपॉलिश लावणं ही चार दिवसांची सोय आहे, उपाय नव्हे.

बोटाला हिरवा डाग पडला तर घाबरू नका. तो तांब्याचा क्षार आहे, धुतला की जातो. खाज आणि पुरळ असेल तर मात्र दागिना काढा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर पट्ट्या दोन दिवस ठेवून ती वाचतात. कशाची ॲलर्जी आहे, हे नावानिशी कळतं. नुसतं स्टेरॉइडचं मलम लावत राहिल्याने खाज थांबते, कारण तसंच राहतं.

लहान मुलांच्या अंगावर धातू माहीत नसलेला दागिना, ताईत, वाळा काहीही घालू नका. मुलाने असा तुकडा गिळला तर वाट न बघता दवाखाना गाठा आणि एक्स-रे काढून घ्या.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात किंमत विचारता, रंग विचारता, तसा धातू विचारा. "आत काय ओतलंय? दांडी कशाची आहे? मुलाम्याखाली निकेल आहे का?" पहिल्या वेळी दुकानदार हसेल. दहाव्या गिऱ्हाइकाने विचारलं की तो घाऊकवाल्याला विचारेल, आणि घाऊकवाला ओताऱ्याला. कान सोनाराने टोचावेत म्हणतात. या धंद्याचे कान टोचायला सध्या सोनार नाही, तेव्हा ते काम आपल्यालाच करावं लागेल.