गेज खोटं बोलतं म्हणे!

"इंजिन ठणठणीत आहे हो, गेजच चुकीचं दाखवतंय." घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींच्या तोंडी हे वाक्य इतकं सहज येतं, की हल्ली ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या मास्तराला विमानातलं काय कळतं, असं आमचे नातेवाईक म्हणतीलच. म्हणोत बापडे! पण माझा एक भाचा अमेरिकेत गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधतोय, त्याच्या इंजिनाचं दुखणंखुपणं मी नेमाने फोनवर ऐकतो. शिवाय जन्मभर पेपर तपासल्यामुळे सबब मला लांबूनही ओळखू येते.

घरी विमान? हो. अमेरिकेत हा छंद जुना आहे. पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत या हौशी लोकांची संघटना काढली, तिची ऑशकॉशची वार्षिक जत्रा जगप्रसिद्ध आहे. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, ते २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलंही. अमेरिकेत नियम असा, की अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं. मग त्यालाच त्या विमानाच्या वार्षिक तपासणीचा दाखलाही मिळू शकतो. म्हणजे विद्यार्थी तोच, परीक्षकही तोच! आता सांगा, अशा परीक्षकाने स्वतःच्याच पेपरवर "प्रश्नच चुकीचा होता" असा शेरा मारून गुण द्यावेत का?

गेज चुकतं हे मला मान्य आहे. घरी बांधलेल्या विमानात तर पुष्कळदा चुकतं. माझं भांडण वेगळं आहे. काटा वर गेला की गेज खोटं, आणि काटा खाली असला की गेज खरं, हा कुठला न्याय? कमी तापमान दाखवणाऱ्या गेजवर कोणी संशय घेतल्याचं तुम्ही ऐकलंय? आणि घात करतं ते नेमकं तेच.

उदाहरण घ्या. सिलिंडरच्या डोक्याचं तापमान मोजायला थर्मोकपल असतं, म्हणजे दोन निराळ्या धातूंच्या तारांचा जोड, बहुधा लोखंड आणि कॉन्स्टंटन. ते मोजतं तो दोन टोकांमधला फरक. आता तार अपुरी पडली म्हणून कोणी इंजिनाच्या कप्प्यातच साधी तांब्याची वायर जोडली, तर थंड टोक गेजपाशी न राहता त्या जोडापाशी येतं. तिथे ६० अंश आणि कॉकपिटमध्ये २५ अंश असतील, तर गेज सुमारे ३५ अंश कमी दाखवणार. लायकमिंगच्या बऱ्याच इंजिनांची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सियस. काटा २३० वर पाहून वैमानिक खूश, आणि डोकं मर्यादेपलीकडे गेलेलं!

तेलाच्या तापमानाचंही तसंच. तिथला साधा सेंडर तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, आणि त्याचं अर्थिंग इंजिनाच्या धातूतूनच होतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून अर्थिंग बिघडवलं, की रोध वाढतो आणि तेल थंड दिसू लागतं. पुन्हा गोड खोटं! दिवे लावले की काटा हलतो, हेही अर्थिंगचंच लक्षण. दिवे लावल्याने तेल तापत नाही, एवढं तर आमच्या पाचवीतल्या पोरांनाही कळतं.

यावर भाच्याचं उत्तर, "मामा, नवीन डिजिटल बसवतो ना!" अरे बाबा, थर्मामीटर बदलून ताप उतरतो का? वायर तीच, अर्थिंग तेच, तर नवा स्क्रीन तेच खोटं दशांशासकट सांगेल.

मग करावं काय? पैसे खर्च करण्याआधी डोकं खर्च करावं. सेंडर काढून उकळत्या पाण्यात धरावा. समुद्रसपाटीला १०० अंश, पुण्यात ९८ च्या आसपास. ही नोंद लिहून ठेवावी. एकच सिलिंडर गरम दाखवत असेल तर शेजारच्या सिलिंडरशी प्रोबची अदलाबदल करावी. गरमी प्रोबबरोबर गेली तर दोष प्रोबचा. सिलिंडरपाशीच राहिली तर दोष वायरचा आहे का तेही बघावं, आणि तोही नसेल तर महाराज, गेज खरं बोलत होतं! मग हवा वळवणारे पत्रे आणि त्यांच्या रबरी पट्ट्यांमधल्या फटी शोधाव्यात. प्रोब कुठे बसवलाय तेही पाहावं. स्पार्क प्लगखालच्या वॉशरचा आकडा आणि डोक्यातल्या खाचेतल्या प्रोबचा आकडा एकच नसतो.

हे सगळं एका शनिवार-रविवारचं काम आहे. ते होईपर्यंत गेज खरं मानावं आणि विमान जमिनीवर ठेवावं. "अतिसावधपणा" म्हणून याची चेष्टा होते, हे मला ठाऊक आहे. पण मोटार तापली तर रस्त्याकडेला लावता येते, आकाशाला कड नसते. आणि शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बायकोने किंवा पोराने ना गेज तपासलेलं असतं, ना वायर. त्यांनी विश्वास ठेवलेला असतो तो तुमच्यावर.

गेज बिचारं खोटं बोलत नाही, त्याला खोटं बोलता येत नाही. ते बिघडतं. खोटं बोलतो तो माणूस, तपासल्याशिवाय "ठीक आहे" म्हणणारा.

असो. भाचेबुवा हे वाचतीलच, तेव्हा रागावून का होईना, उकळत्या पाण्याचा आकडा कळवावा. बाकी मंडळींनीही आपलं मत जरूर लिहावं.