झाकली मूठ कोणाची? सीलबंद जुना नाणेसंच फोडण्याआधी हा हिशोब करा



मागे एका किराणा दुकानदाराचा फोन आला. दुकानात डीप फ्रीजर घ्यायचा आहे, पैसे कमी पडतायत. वडिलांच्या कपाटात 1969 चा, महात्मा गांधी जन्मशताब्दीचा, मुंबई टांकसाळीचा प्रूफ सेट सापडला. सील शाबूत. ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं, ‘फोडून ग्रेडिंगला पाठव, भाव दुप्पट होईल.’ ते म्हणाले, “सर, कात्री हातात घेऊन बसलोय. फोडू का?”

मी म्हटलं, “आधी कात्री खाली ठेवा.”

धंद्यात दोन प्रकारचे निर्णय असतात. काही निर्णय चुकले तर परत फिरता येतं. भाव वाढवला, गिऱ्हाईक नाराज झालं, पुन्हा कमी केला. सील फोडणं हा त्यातला निर्णय नाही. एकदा फुटलं की फुटलं. म्हणून आज फोडलं नाही तर उद्या फोडता येईल, पण उलटं कधीच होणार नाही.

ग्रेडिंगमध्ये नक्की काय होतं?

एनजीसी, पीसीजीएस या अमेरिकन कंपन्या नाणं तपासतात, खरं असल्याची खात्री करतात, 1 ते 70 च्या मापावर ग्रेड देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून परत पाठवतात. पॅकवरून ग्रेड मिळत नाही, नाणं बाहेर काढावंच लागतं. आणि प्रूफ नाणं फार नाजूक असतं. त्याची पार्श्वभूमी आरशासारखी असते. बोटाचा एक ठसा पुरतो. घरी मऊ कापडाने पुसलं तरी बारीक ओरखडे पडतात, आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून ते सुटत नाहीत. चिंच, लिंबू, राख यांचं तर नावच काढू नका. चकाकी येईल, किंमत जाईल.

आता कागद-पेन घ्या

या सेटमध्ये 10 रुपयांचं चांदीचं नाणं असतं. वजन 15 ग्रॅम, त्यात 80 टक्के चांदी, म्हणजे 12 ग्रॅम शुद्ध चांदी. बाकी छोटी नाणी अॅल्युमिनियम, निकेल, पितळेसारख्या धातूंची. मग ग्रेडिंगची फी कशावर भरायची? एक पैशाच्या नाण्यावर? त्याच्या किमतीपेक्षा फीच जास्त व्हायची. म्हणजे पाठवायचं एकच नाणं, आणि बाकीची होणार सुटी. डिनर सेटमधला मोठा बाउल काढून घेतल्यावर उरलेल्या ताटल्यांना जो भाव येतो, तोच यांना.

पुढचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, बाजारभाव म्हणून धरू नका.

समजा, सीलबंद सेटला आज 12,000 मिळतायत. एका नाण्याची फी, जाण्या-येण्याचा खर्च, विमा, सगळं मिळून 6,000. उरलेल्या नाण्यांचे 2,000 येतील.

– ग्रेड उत्तम आला, नाणं 20,000 ला गेलं: हातात 16,000. फायदा 4,000.
– ग्रेड मध्यम आला, नाणं 11,000 ला गेलं: हातात 7,000. तोटा 5,000.
– डाग किंवा ओरखडा निघाला, नाणं 4,000 ला गेलं: हातात शून्य. अख्खे 12,000 गेले.

पाच सेटपैकी एक उत्तम, तीन मध्यम आणि एक खराब निघाला असं धरलं, तर पाचांत मिळून 23,000 चा तोटा. ‘दुप्पट भाव’ सांगणारा माणूस फक्त पहिली ओळ सांगतो. खालच्या दोन ओळी आपण लिहायच्या असतात.

तुमचे आकडे वेगळे असतील. उत्तरही वेगळं येईल. पण आकडे घेताना जाहिरातीत मागितलेली किंमत धरू नका, लिलावात खरोखर झालेल्या विक्रीची किंमत धरा. मागायला कोणीही लाख मागतो.

मग नाण्यांचे व्यापारी का फोडतात?

हा प्रश्न रास्त आहे. त्यांच्याकडे वीस सेट असतात. चार खराब निघाले तर दोन उत्तम भरून काढतात. प्लॅस्टिकमधून नाणं ओळखायची नजर असते, फी घाऊक पडते, गिऱ्हाईक तयार असतं. जोखीम घेणं हाच त्यांचा धंदा. तुमच्याकडे एकच सेट आहे आणि तुमचा धंदा किराणा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ उघडायचा मोह त्यांना विकून टाका. माझं मत स्पष्ट आहे: एकच सेट असेल आणि पैशाची गरज असेल, तर सीलबंदच विका.

एक अपवाद

भिंग घ्या, टॉर्च तिरका धरा, पॅक हलवत बघा. नाण्यावर हिरवट, चिकट थर दिसतोय का? मऊ पीव्हीसी प्लॅस्टिक जुनं झालं की त्यातून निघणारं आम्ल नाण्याला खातं. अशा वेळी सील जपणं म्हणजे कुजणाऱ्या मालाच्या गोदामाला कुलूप लावणं. तिथे थांबू नका, जाणकाराकडून उघडून घ्या. स्वतः घासू नका. नुसता धूसरपणा दिसला तर मात्र घाई नको, तो प्लॅस्टिकचाही असू शकतो.

आणि डाग दिसत असूनही ‘सील आहे’ म्हणत विकायचं असेल, तर तो सल्ला माझ्याकडे मागू नका. जे दिसतंय ते गिऱ्हाइकाला सांगा.

तरीही फोडायचंच ठरलं तर

आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. दोन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडून सीलबंद सेटचा भाव लेखी घ्या. पॅक न उघडता पाठवून तिकडेच उघडून मिळेल का, फी किती, वाटेत नुकसान झालं तर जबाबदारी कोणाची, हे आधी विचारा. मूळ पॅकिंग आणि कागद फेकू नका.

त्या दुकानदारांनी हिशोब केला. सेट सीलबंदच विकला, दोन ठिकाणी भाव विचारून. पैसे फ्रीजरला पुरले नाहीत, त्यांनी जुना फ्रीजर घेतला. विकताना वाईट वाटलं, वडिलांची वस्तू होती. ते म्हणाले, “सर, आत काय निघालं असतं, हे आता कधीच कळणार नाही.”

बरोबर आहे. ते न कळण्याचेच त्यांना पैसे मिळाले.

तुमच्या कपाटात असं काही असेल, तर आज कात्री नको. कागद-पेन घ्या.