दोन रात्री तळेगाव स्टेशनवर

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी सुदुंबऱ्याला आमच्या घरी आला. बारावी झालेला, अठरा नुकतीच पूर्ण. दोन रात्री तळेगाव स्टेशनच्या बाकावर काढून आला होता. भावाने मोबाईलमधले मेसेज वाचले, अब्बांनी कपड्यांची पिशवी दाराबाहेर ठेवली, अम्मी आत रडत राहिली. त्याला मुली नाही, मुलगे आवडतात, एवढंच कारण. माझ्या बायकोने त्याला जेवायला वाढलं. मी मात्र सकाळी पाचशे रुपये हातावर ठेवून त्याला त्याच्या खालाकडे पाठवलं. शेजारी काय म्हणतील याची भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

नंतर शोधलं, अशा पोराने जायचं कुठे? केंद्राची ‘गरिमा गृह’ योजना आहे. तिथे राहणं, जेवण, औषधपाणी, हाताला काम शिकवणं, सगळं मिळतं. पहिल्या टप्प्यात देशभर 12 गृहं निघाली. मुंबईतलं ट्वीट फाउंडेशन चालवते. पण ती आहेत तृतीयपंथीयांसाठी, तीही अठरा वर्षांपुढच्या. माझा विद्यार्थी समलिंगी, म्हणजे कागदावर बसत नाही. तृतीयपंथी मूल अठराच्या आतलं असेल आणि घरचे सांभाळू शकत नसतील, तर न्यायालयाने त्याला पुनर्वसन केंद्रात ठेवावं असं 2019 चा कायदा म्हणतो. मावळातल्या मुलासाठी ते केंद्र कोणतं?

2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे घरातून पळून आलेल्या दोन तरुणींचं प्रकरण आलं. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आधी स्वतः मानसतज्ज्ञाकडे जाऊन विषय समजून घेतला (आम्ही बी.एड. केलं, तिथे यावर एक तासही झाला नाही). मग त्यांनी सांगितलं की अल्पमुदतीची निवारागृहं आणि गरिमा गृहं या समाजातल्या प्रत्येक गरजूला उघडी करा. महाराष्ट्राने निदान तेवढं तरी करावं.

आता आपल्या लोकांशी दोन शब्द. फिकहच्या जुन्या किताबांत ‘खुन्सा’च्या वारसाहक्काचे मसले तपशिलाने येतात. म्हणजे अशी माणसं आपल्या बुजुर्गांना दिसत होती, आणि त्यांचा हिस्सा कोणाच्या तोंडी जाऊ नये याची फिकीरही होती. समलिंगी संबंधांबद्दल उलेमांचं मत वेगळं, कडक आहे, ते मला माहीत आहे. ती बहस इथे काढत नाही. पण जकातीच्या आठ हक्कदारांत ‘इब्नुस्सबील’ आहे, वाटेत अडकलेला मुसाफिर. स्टेशनवर झोपलेलं पोर दुसरं कोण असतं? वक्फच्या मुसाफिरखान्यात खाट देताना आपण कोणाला त्याच्या मनातलं विचारतो का?

आमच्या गावात एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे. पूर येवो, दरड कोसळो, जवान निघतात आणि बेघर झालेल्यांना त्याच दिवशी शाळेत नाहीतर समाजमंदिरात आसरा मिळतो. तिथे तुझी चूक काय होती, असं कोणी विचारत नाही.

खालाने त्याला आठ दिवस ठेवलं. आता तो चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामावर आहे, एका खोलीत पाच जण राहतात. त्या चौघांना काही माहीत नाही. कळलं तर खोली जाईल, म्हणून तो रात्री फोन बंद करून झोपतो. माडीवरचं सामान मी हलवलं आहे, किल्ली कुठे असते तेही त्याला सांगून ठेवलं आहे.